घराण्याचा रोग आणि घरातील मौन

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आम्हांस बाजूला घेऊन बोलू लागले. त्यांचे थोरले बंधू, वय अवघे ५८, तीन महिन्यांपासून पाठीच्या दुखण्याने बेजार झाले होते. वात असेल, शेतात वाकून कंबर धरली असेल, असे म्हणून तेल चोळणे आणि शेक देणे चालले होते. अखेर शहरातील इस्पितळात तपासणी झाली, तेव्हा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असून तो हाडांपर्यंत पोचल्याचे निष्पन्न झाले. हे दुःख थोडे नव्हतेच. परंतु त्या गृहस्थांच्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. इस्पितळातील डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, "तुमच्या घराण्यात, तुमच्या आईच्या माहेरीसुद्धा, कोणा स्त्रीस स्तनांचा कर्करोग झाला होता काय?"

"पुरुषाच्या दुखण्यात बायकांची चौकशी कशाला? आणि तीही आजोळची?" ते गृहस्थ म्हणाले. "मी 'नाही' म्हणून मोकळा झालो. पण घरी येऊन आईला ही हकिकत सांगितली, तर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'बाळा, तुझी मावशी तापाने गेली असे आम्ही सांगत आलो, ते खरे नव्हे.'"

वाचकहो, त्या मातेच्या ह्या एका वाक्याने आजच्या आमच्या लेखास विषय दिला. त्या गृहस्थांच्या अनुमतीने, नावगाव गाळून, ही गोष्ट आम्ही येथे मांडीत आहोत. कारण असे मौन त्या एकाच घरात आहे असे आम्हांस वाटत नाही. आम्ही डॉक्टर नाही. जाणकारांनी अभ्यासून जे सिद्ध केले आहे, तेवढेच साध्या शब्दांत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम ही ग्रंथी कोणती ते पाहू. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेस वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिलाच प्रोस्टेट म्हणतात. वैद्यकाच्या मराठी ग्रंथांत तिला पुरःस्थ ग्रंथी असे नाव आहे. उतारवयात ती बहुधा वाढते, लघवीला वारंवार जावे लागते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. तेव्हा रात्री उठणाऱ्या प्रत्येक आजोबांनी धास्ती घेण्याचे कारण नाही. उलटपक्षी, खरा कर्करोग प्रारंभी पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाही. तो बहुतेकांत सावकाश वाढतो, आणि कित्येक वृद्ध त्याच्यासह जगून शेवटी दुसऱ्याच कारणाने देवाघरी जातात. पण काही घराण्यांत तो कमी वयात उद्भवतो आणि वेगाने पसरतो. डॉक्टरांच्या त्या विचित्र वाटणाऱ्या प्रश्नाचे मूळ ह्या भेदात आहे.

आनुवंशिकतेच्या ज्ञानाचा पाया एका कॅथोलिक धर्मगुरूने मठाच्या बागेत घातला, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. ग्रेगोर मेंडेल हे आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो नगरातील संत थॉमस ह्यांच्या नावे असलेल्या ऑगस्टिनियन मठाचे सदस्य. १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८५६ ते १८६३ ह्या काळात त्यांनी वाटाण्याची हजारो रोपे वाढवली, कोणत्या रोपापासून कोणते दाणे निपजले ह्याचा काटेकोर हिशेब ठेवला, आणि १८६६ साली आपला निबंध छापला. १८८४ साली ते निवर्तले, तोवर त्या निबंधाचे महत्त्व कोणी ओळखले नव्हते. १९०० साली इतर शास्त्रज्ञ त्याच नियमांपाशी येऊन पोचले, तेव्हा कोठे जगास मेंडेल ह्यांची थोरवी कळली.

त्यांनी दाखवलेले तत्त्व असे की, जन्मजात गुण ठरवणारा अंश प्रत्येक जिवात दुहेरी असतो. एक पित्याकडून आलेला, एक मातेकडून. अपत्याच्या वाट्यास मात्र प्रत्येकाकडून दोहोंपैकी एकच अंश येतो. ह्या अंशांस आज आपण जनुके म्हणतो. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि त्यांवर ही जनुके ओळीने मांडलेली असतात. जनुक म्हणजे जणू एक लिखित आज्ञा. नक्कल करताना एखादे अक्षर गळाले वा बदलले, तर कधी काही बिघडत नाही, कधी आज्ञेचा अर्थच नाहीसा होतो. अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात. आणि तो बदल मातापित्यांच्या बीजातच असला, तर तो पुढच्या पिढीस मिळू शकतो.

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे वळू. काही घराण्यांत आई, मावशी, मुलगी अशा अनेक स्त्रियांस कमी वयात स्तनांचा कर्करोग होतो, हे पूर्वीपासून दिसत होते. १९९० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग ह्यांनी दाखवून दिले की, अशा काही घराण्यांतील रोगाचा धागा १७व्या गुणसूत्रावरील एका जागेशी जुळतो. ते जनुक १९९४ साली हाती आले. १९९५ साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी १३व्या गुणसूत्रावरील दुसरे जनुक ओळखले. स्तन आणि कर्करोग ह्या अर्थांच्या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांवरून त्यांस बी.आर.सी.ए. १ आणि बी.आर.सी.ए. २ अशी नावे मिळाली. ह्या नावांनीच पुढे पुरुषांची दिशाभूल केली. 'हा बायकांचा विषय' असे त्यांस वाटत राहिले. वास्तविक ही जनुके स्त्रीपुरुष दोघांतही असतात, आणि बाप जसा आपल्या मुलीस सदोष जनुक देऊ शकतो, तशीच आई आपल्या मुलास देऊ शकते.

ह्या जनुकांचे काम काय? भातशेतीचा बांध डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात पाण्याच्या रेट्याने, खेकड्यांच्या बिळांनी बांधास रोज कोठे ना कोठे भगदाड पडते, आणि शहाणा शेतकरी ते त्याच दिवशी बुजवतो. आपल्या पेशींतील डी.एन.ए. नावाच्या सूत्राचीही अशीच रोज मोडतोड होत असते, आणि बी.आर.सी.ए. २ हे जनुक ती दुरुस्त करणाऱ्या गड्यांपैकी एक होय. असे दोन गडी आपल्यास मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. ज्याच्या वाट्याचा एक गडी जन्मापासून पांगळा असतो, त्याचे काम दुसऱ्या गड्यावर निभावून जाते. कित्येकांचे आयुष्यभर निभावते. पण एखाद्या पेशीत तो दुसराही निकामी झाला, तर भगदाडे बुजत नाहीत, चुकांवर चुका साचतात आणि त्यातून कर्करोग उभा राहू शकतो. स्त्रियांत तो विशेषतः स्तनांत व बीजकोशांत होतो; पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीत, आणि क्वचित स्तनांतही.

ह्याचा उत्तम दाखला उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलंड बेटाने दिला आहे. त्या देशाची वस्ती चार लक्षांहूनही कमी. तेथे १७०३ साली संबंध देशाची नावनिशीवार शिरगणती झाली होती. वंशावळी शतकानुशतके जपलेल्या आहेत. आणि १९५५ सालापासून देशभरातील कर्करोग्यांची नोंद ठेवली जाते. कोणाचा आजा कोण आणि कोण कोणत्या रोगाने आजारी झाला, हे जेथे लिहिलेले सापडते, तेथे आनुवंशिक रोगाचा माग काढणे सोपे जाते. १९९६ च्या सुमारास असे आढळले की, आइसलंडमधील अशा अनेक घराण्यांत बी.आर.सी.ए. २ मधील एकच दोष आहे. सूत्रातील अवघी पाच अक्षरे गळालेली. कोणे एके काळच्या एकाच पूर्वजाकडून तो पसरला असावा. आज त्या देशात शंभरांत एकाहून काहीसे कमी लोक तो दोष वाहतात.

प्रोस्टेटच्या कर्करोगाने आजारी झालेल्या पुरुषांविषयी २००७ साली तेथील जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातील आकडे विचार करण्याजोगे आहेत. हा दोष असलेल्यांचा रोग सरासरीने ६९ व्या वर्षी उघडकीस आला, तर नसलेल्यांचा ७४ व्या वर्षी. निदानानंतर दोष असलेल्यांपैकी निम्मे सुमारे २.१ वर्षांत दगावले. दोष नसलेल्यांत निम्मे दगावण्यास १२.४ वर्षे लागली. हे आकडे जुन्या काळच्या रुग्णांचेही आहेत, आजच्या औषधोपचारापूर्वीचे आहेत. तरीही दोन प्रकारच्या रोगांतील अंतर त्यांवरून स्पष्ट होते.

पण आइसलंडची आठवण आम्हांस आणखी एका कारणाने होते. तेथील एका संशोधन-संस्थेने देशातील हजारो लोकांची जनुके वाचली. तेव्हा पेच पडला. ज्यांनी संशोधनासाठी रक्त दिले, त्यांच्यापैकी कोणात हा दोष आहे हे संस्थेस शोधता येत होते. पण 'तुम्हांस हे कळवू' असे त्यांना आधी विचारलेले नव्हते. काहींचे म्हणणे, 'प्राण वाचू शकत असता गप्प राहणे अधर्म होय.' इतरांचे म्हणणे, 'माणसास न जाणण्याचाही हक्क आहे.' वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर २०१८ च्या मे महिन्यात असा मार्ग निघाला की, ज्यास जाणावयाचे असेल त्याने स्वतः विचारावे आणि त्यास उत्तर मिळावे. हजारो लोकांनी विचारले.

हा प्रकार केवळ त्या बेटापुरता आहे असेही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा प्रोस्टेट-कर्करोग शरीरात इतरत्र पसरला होता अशा ६९२ पुरुषांची जनुके तपासण्यात आली. त्यांपैकी ८२ जणांत, म्हणजे शेकडा सुमारे १२ जणांत, दुरुस्तीच्या कोणत्या ना कोणत्या जनुकात जन्मजात दोष सापडला. त्यांत बी.आर.सी.ए. २ चा दोष सर्वांत अधिक होता. ब्रिटन व आयर्लंडमधील घराण्यांच्या २०२० सालच्या अभ्यासानुसार, बी.आर.सी.ए. २ चा दोष वाहणाऱ्या शंभर पुरुषांपैकी सुमारे २७ जणांस ७५ वर्षांच्या वयापर्यंत हा रोग होतो. एचओएक्सबी १३ नावाच्या आणखी एका जनुकातील दोषाने रोगाचा धोका वाढतो, हे २०१२ साली कळले. आणि कोणताही एक दोष सापडला नाही तरी, ज्याच्या बापास वा सख्ख्या भावास हा रोग झाला त्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो.

कोणी म्हणेल, 'जे जन्मतःच रक्तात लिहिले आहे, ते जाणून काय उपयोग? विनाकारण झोप मात्र उडावयाची.' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्यास उत्तर आहे. पहिली गोष्ट, दोष असणे म्हणजे रोग असणे नव्हे. वरील आकड्यांतच पाहा, शंभरांतील ७३ जण पंचाहत्तरीपर्यंत ह्या रोगावाचून राहतात. दुसरी, ज्यास धोका ठाऊक आहे तो वेळीच लक्ष ठेवू शकतो. रक्ताची पी.एस.ए. नावाची साधी तपासणी असते. अनेक देशांत मिळून २००५ साली सुरू झालेल्या एका अभ्यासाने, ४० ते ६९ वर्षांच्या पुरुषांची अशी नियमित तपासणी केली. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. बी.आर.सी.ए. २ चा दोष असलेल्यांत रोग अधिक जणांस, कमी वयात आणि अधिक गंभीर स्वरूपाचा आढळला. म्हणून अशा पुरुषांनी दर वर्षी ही तपासणी करावी, अशी शिफारस अभ्यासकांनी केली. चाळिशीपासूनच डॉक्टरांचा सल्ला घेणे त्यांच्या हिताचे होय. पी.एस.ए. वाढलेले दिसले म्हणजे कर्करोगच, असे मात्र नाही. तो निर्णय पुढील तपासण्यांनी होतो.

तिसरी गोष्ट औषधाची. २०२० साली ओलापॅरिब ह्या औषधास अमेरिकेत, पसरलेल्या आणि नेहमीच्या हार्मोन-उपचारास न जुमानणाऱ्या प्रोस्टेट-कर्करोगासाठी मान्यता मिळाली. आणि ती दुरुस्तीच्या जनुकांत दोष असलेल्या रुग्णांसाठीच. ज्या कर्कपेशीचा दुरुस्तीचा एक मार्ग आधीच बंद आहे, तिचा दुसरा मार्ग हे औषध अडवते, आणि ती पेशी मरते. म्हणजे ज्या उणिवेने रोग आणला, तीच उपचाराचे दार होते. पण ती उणीव आहे हे ठाऊक असले पाहिजे. म्हणून तर डॉक्टर मावशीची चौकशी करतात.

तपासणी कशी होते? रक्त किंवा लाळ घेऊन. शक्यतो प्रथम आजारी माणसाचीच करावी. त्यात दोष सापडला, तर त्याची भावंडे व प्रौढ मुले तेवढाच दोष आपल्यात आहे काय हे पाहू शकतात. प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता निम्मी. दर खेपेस नाणे नव्याने उडते, थोरल्यास आला म्हणून धाकटा सुटला असा हिशेब नाही. पण ज्यास तो आला नाही, त्याच्याकडून तो त्याच्या मुलांसही जात नाही. ती शाखा तेथेच मोकळी होते. हा दिलासाही सत्य जाणल्यावाचून मिळत नाही. तपासणीपूर्वी व नंतर जाणत्या समुपदेशकाशी बोलावे. मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळात, जेथे आपल्याकडचे अनेक रुग्ण जातात, आनुवंशिक कर्करोगाविषयी सल्ल्याची सोय आहे.

आता त्या मातेच्या मौनाकडे येऊ. तिला दोष देणारे आम्ही कोण? त्या काळी कर्करोगाचे नाव घराबाहेर पडले, तर धाकट्या बहिणींची लग्ने अडत. स्तनांचा रोग म्हणजे उच्चारही न करण्याजोगी गोष्ट. शिवाय, 'ह्या घराने असे काय पाप केले?' असे कुजबुजणारी तोंडे गावात असतातच. पण आपल्या शुभवर्तमानात ह्या कुजबुजीस केव्हाच उत्तर मिळाले आहे. जन्मांध माणसास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारले की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले, आणि त्या माणसास दृष्टी दिली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील हा प्रसंग ज्याने मनन केला आहे, त्याने कोणाच्या घराण्यातील रोगाकडे बोट दाखवू नये. गळालेली पाच अक्षरे हे कोणाचे पाप नव्हे.

लग्नाच्या बाबतीतही ख्रिस्तसभेची शिकवण स्वच्छ आहे. १९३० साली पोप अकरावे पायस ह्यांनी विवाहाविषयीच्या परिपत्रात, संततीत दोष उतरेल एवढ्यावरून विवाहयोग्य माणसांस विवाहबंदी करणाऱ्या विचाराचा स्पष्ट निषेध केला. माणसाची किंमत त्याच्या जनुकांवरून ठरत नाही. तेव्हा अमक्या घरात कर्करोग आहे म्हणून तेथील मुलीस नाकारणारा कॅथोलिक वरपिता आपल्या श्रद्धेशीच प्रतारणा करतो.

मग घरोघरी काय करावे? चर्चच्या नोंदवह्यांत आपल्या पूर्वजांचे स्नानसंस्कार, विवाह व दफनविधी लिहिलेले असतात; पण कोण कोणत्या रोगाने गेले, हे बहुधा आजीच्या आठवणीतच असते, आणि आजीबरोबर जाते. म्हणून एक वही घ्यावी. आईकडील आणि वडिलांकडील दोन्ही बाजूंच्या माणसांची नावे लिहावी. कोणास कर्करोग झाला, कोणत्या अवयवाचा, आणि साधारण कोणत्या वयात, एवढेच टिपावे. ती वही गावात फिरवण्यासाठी नव्हे. ज्यांच्या रक्ताशी तिचा संबंध आहे त्यांस आणि डॉक्टरांस ती दाखवावी. सांगताना समोरच्याची मनःस्थिती पाहावी. ज्यास आज ऐकावयाचे नाही, त्यास 'हवे तेव्हा विचार' एवढे सांगून ठेवावे. दुसऱ्याची गोष्ट चव्हाट्यावर मांडणे हे पाप. पण आपल्या माणसास धोक्याची सूचना न देणे हेही प्रेम नव्हे.

त्या गृहस्थांची हकिकत थोडी उरली आहे. थोरल्या बंधूंच्या रक्तात बी.आर.सी.ए. २ चा दोष सापडला, आणि त्यानुसार त्यांचे उपचार चालू आहेत. अहवाल आल्यावर हे गृहस्थ मामांच्या गावी गेले. पत्र पाठवले नाही, टेलिफोन केला नाही. स्वतः जाऊन, दार लावून, मामेभावंडांना आणि मावशीच्या मुलीला सर्व समजावून सांगितले. मावशीच्या मुलीस आपली आई कशाने गेली हे त्या दिवशी कळले. ती रडली, मग म्हणाली, "दादा, मला हे आधी कळायला हवे होते." स्वतः त्या गृहस्थांच्या अहवालात काय आले, ते आम्ही विचारले नाही. ते सांगावयाचे की नाही, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्या कुटुंबाने मावशीसाठी मिस्सा सांगितली होती. फादरांनी वेदीवरून तिचे पूर्ण नाव वाचले. त्यांची वृद्ध माता पुढच्या बाकावर बसली होती. इतकी वर्षे त्या घरात ते नाव हलक्या आवाजात घेतले जाई. त्या सकाळी ते साऱ्या मंडळीने ऐकले, आणि त्या मातेने मान खाली घातली नाही.